देवदर्शनाची ओढ की फिरण्याची हौस?

प्रश्न : ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्या दिवशी, करोनामुळे बंद असलेली राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली आणि मी सकाळीच ठाण्यातल्या कौपिनेश्वर महादेवाच्या दर्शनाला गेले. एप्रिलमध्ये मला करोना होऊन गेला आहे, त्यामुळे देवापुढे उभी राहिल्यावर डोळे भरून येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात हात जोडलेले असताना मनात केदारनाथची वाट सुरू होती. बरेच महिने हेच चालले आहे. दुपारी कामे आटोपली की मी मोबाइलवर नकाशा उघडून हरिद्वारपासून गौरीकुंडापर्यंत बोट फिरवत बसते; मुक्काम कुठे करायचा, कोणती शाल न्यायची, हेही ठरवून झाले आहे. मुलगी म्हणते, "आई, देव हे तुझं निमित्त आहे, तुला घराबाहेर पडायचंय." इकडे ७८ वर्षांच्या सासूबाईंनी कार्तिकीला पंढरपूरला नेण्याचा हट्ट धरला आहे. त्यांची ती भक्ती आणि माझी ती नुसती हौस, असे समजायचे का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मुलीचे म्हणणे बहुधा खरे आहे आणि त्यात खजील होण्यासारखे काहीही नाही. दीड वर्ष चार भिंतींत काढलेल्या, त्यात स्वतः आजारातून उठलेल्या माणसाला बाहेर पडावेसे वाटले नाही, तरच काळजी करावी. भक्ती आणि हौस अशी दोन वेगळी खाती उघडून तुम्ही हिशेब मांडू पाहता, पण आपल्याकडे ती कधी वेगळी ठेवलेलीच नाहीत. आषाढीला चालणाऱ्या दिंडीत अभंग असतो, तशी फुगडी असते, रिंगण असते, सोबतीच्या बायकांशी सुखदुःखाच्या गोष्टी असतात आणि रस्त्याकडेच्या पंगतीतली भाकरीही असते. त्यातले विठ्ठलासाठी किती आणि मोकळ्या हवेसाठी किती, असे कोणी कोणाला विचारत नाही. विठ्ठल घरच्या देव्हाऱ्यातही आहे हे वारकऱ्याला ठाऊक नसते थोडेच! खुद्द पंढरपूरची कथाच पाहा. काशीला निघालेला पुंडलिक वाटेतून मागे फिरला, आईवडिलांची सेवा करीत घरी राहिला आणि देव त्याच्या दारी येऊन विटेवर उभा राहिला. यात्रा सोडून घरी राहिलेल्या त्या भक्ताच्या गावी माणसे शेकडो वर्षे यात्रेने जात आहेत आणि या विसंगतीने आजवर कोणाही वारकऱ्याची झोप उडालेली नाही.

तुमच्या नकाशावरच्या बोटाविषयीही थोडे सांगतो. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही; मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दिवसांत घरी बसलेली वारकरी मंडळी काय करीत होती? आज माउली सासवडला असती, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद, असे मुक्काम मनाने चालत होती. त्याला कोणी दिवास्वप्न म्हटले नाही. देवळात उभ्या असताना तुमचे मन केदारनाथच्या वाटेवर गेले, म्हणजे फार तर एका शंकराकडून दुसऱ्या शंकराकडे गेले.

मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. "देवाचे बोलावणे आले आहे" हे वाक्य एकदा तोंडी बसले की मास्क हनुवटीवर येतो, गर्दी ही गर्दी वाटेनाशी होते आणि तब्येतीची तक्रार श्रद्धेच्या कमतरतेसारखी भासू लागते. फिरण्याची हौस आहे असे जो मोकळेपणाने कबूल करतो, तो निदान हवामान आणि रक्तदाब पाहून निघतो. म्हणून तुमची हौस मला भाबड्या भक्तीपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

आता केदारनाथविषयी. चारधाम यात्रा २०२१ मध्ये १८ सप्टेंबरला भाविकांसाठी सुरू झाली, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातील अतिवृष्टीमुळे ती काही काळ थांबवावी लागली आणि केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला, म्हणजे ६ नोव्हेंबरला, हिवाळ्यासाठी बंद झाले. देऊळ ३,५८३ मीटर उंचीवर आहे आणि गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. एप्रिलमध्ये करोना होऊन गेलेल्या माणसाने ती घाईघाईने चढू नये. हिवाळ्यात देवाची डोली खाली ऊखीमठला येते आणि पुढच्या वर्षी दरवाजे कधी उघडणार ती तारीख महाशिवरात्रीला तिथेच जाहीर होते. तोवरचे महिने तुमच्या हातात आहेत. डॉक्टरांकडून फुप्फुसे तपासून घ्या, मासुंदा तलावाभोवती रोज फेऱ्या मारायला लागा आणि जिना चढताना धाप कुठे लागते त्यावर लक्ष ठेवा. मधल्या काळात त्र्यंबकेश्वर आहेच. ठाण्याहून कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला जाणारी गाडी मिळते आणि मुलीलाही बरोबर घेता येईल.

सासूबाईंचा प्रश्न मात्र अवघड आहे. २०२१ची कार्तिकी १५ नोव्हेंबरला होती आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी धार्मिक स्थळी जाणे टाळावे अशी सरकारी सूचना त्या वेळी होती; तेव्हा एकादशीच्या गर्दीत त्यांना नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय विठ्ठलाचे पदस्पर्श दर्शन २०२१ मध्ये बंद होते आणि केवळ मुखदर्शन होत होते. तसेच असेल आणि पायांवर डोके ठेवायच्या आशेने त्या गेल्या, तर तिथे गेल्यावर हिरमुसतील. म्हणून हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या असतील, तर एकादशीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, आठवड्याच्या मधल्या वारी, डॉक्टरांना विचारून स्वतंत्र गाडीने त्यांना न्या. मुखदर्शनाच्या रांगेतही उभे राहवले नाही, तर नामदेव पायरीपाशी नमस्कार करून कळसाचे दर्शन घेता येईल. गर्दीच्या दिवसांत कळसालाच हात जोडून परत फिरणारे वारकरी पुष्कळ असतात आणि त्यांची वारी कोणी अपुरी धरीत नाही. सासूबाईंना ही रीत तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार.

प्रश्न : पत्नी अत्यवस्थ असताना मी कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोललो होतो की, ती बरी झाली तर आम्ही दोघे गावच्या पालखीबरोबर पायी येऊ. ती बरी झाली, पण करोनामुळे चैत्रातली यात्रा २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे झाली नाही. आता देऊळ उघडले आहे. नवस लांबला म्हणून घरचे रोज घाबरवतात. पत्नीला मात्र अजून फार चालवत नाही.
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : जी यात्रा भरलीच नाही, तिला तुम्ही आला नाहीत म्हणून आई रागावेल, हा तर्क देवीवर अन्याय करणारा आहे. पालखीबरोबर जायचे तर चैत्रापर्यंत थांबावेच लागेल, तेव्हा घरच्यांना तसे सांगून टाका. मनाला फारच रुखरुख लागली असेल, तर मधल्या एखाद्या साध्या दिवशी एकटे जाऊन ओटी भरून या. शनिवार-रविवार आणि मंगळवार टाळा. चैत्रात पालखी निघाली तर तुम्ही चाला, पत्नीने गाडीने कार्ल्यापर्यंत यावे आणि शेवटच्या पायऱ्या जमतील तेवढ्याच चढाव्यात. नवस तुम्ही बोललात, तेव्हा त्या आजारी होत्या आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.