वाघ दिसला नाही, पण पाणी कुठून येतं?

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन मेळघाटात सेमाडोह आणि कोलकासला दोन दिवस राहिलो. चार फेऱ्या केल्या. गवे, सांबर दिसले, वाघ नाही. शेजारी ताडोबाला गेले, त्यांना पहिल्याच फेरीत दिसला. धाकटा विचारतो, मग मेळघाटला व्याघ्र प्रकल्प कशाला म्हणायचं? त्याला काय सांगू?
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर : त्याला आधी घरातला नळ दाखवा. तुमचं दर्यापूर खारपाणपट्ट्यात. तिथं विहीर खणली तर पाणी खारं लागतं, हे तुमच्या आजीला कुणी सांगावं लागलं नसेल. आज अंजनगाव-दर्यापूरकडे गोड पाणी येतं ते शहानूर धरणातून, आणि शहानूर उतरते गाविलगडच्या डोंगरातून. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या कितीतरी गावांना असाच वान धरणाचा आधार आहे. म्हणजे तुम्ही दोन दिवस ज्या रानात फिरलात, त्याच डोंगरांचं पाणी तुमच्या माठात आहे.

मी परतवाड्याच्या शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी पोरांना फळ्यावर एक रेघ काढून दाखवायचो : गाविलगडचा माथा. रेघेच्या दक्षिणेला पडलेला थेंब चंद्रभागा, शहानूर, वान यांच्यातून पूर्णेत जातो. उत्तरेला पडलेला खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्यांतून थेट तापीत. पुढे चांगदेवला पूर्णाही तापीलाच मिळते. डोंगराच्या दोन्ही अंगांचं पाणी शेवटी एकाच नदीत! हे कळलं की पोरांचे चेहरे असे उजळायचे की मला दुसरं काही शिकवावंसंच वाटायचं नाही.

आता वाघ. मेळघाट हा सगळा काळ्या बेसाल्टचा उभा-आडवा चिरलेला मुलूख. हा खडक पाणी फारसं धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात नद्या आटतात, उरतात ते डोह. सागाची पानं गळून रान उघडं पडतं, तरी दऱ्या इतक्या खोल की शंभर पावलांवरचं जनावर दिसत नाही. ताडोबात जमीन बरीच सपाट, तळी मोठी, रस्ते पाण्याला लागून. तिथं वाघ दिसायला सोपा. इथं तो विरळ आहे आणि लपायला त्याला दीड हजार चौरस किलोमीटरचा गाभा, म्हणजे प्रकल्पाचं आतलं राखीव रान आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीच्या वन्यप्राणी गणनेला मी एकदा मचाणावर रात्रभर बसलो होतो. अस्वल येऊन पाणी पिऊन गेलं. पहाटे तीनच्या सुमारास पलीकडच्या दरीत सांबर ओरडलं, मग माकडं खेकसली. ही धोक्याची हाक. वाघ तिथून चालला होता. मला दिसला नाही, पण ती रात्र मी आयुष्यात विसरणार नाही.

ही दुर्गमता जुनी आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेला गाविलगड किल्ला घ्यायचा होता, तेव्हा जड तोफा याच डोंगरांतून ओढत उत्तरेच्या बाजूला न्याव्या लागल्या. १५ डिसेंबरला गड पडला.

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरातून नऊ जंगलं निवडली. सुंदरबनची खाजणं, मानसचं गवताळ रान, रणथंबोरचा कोरडा खडक, प्रत्येक तऱ्हेचं रान राखायचं होतं. सातपुड्याच्या सागाच्या रानासाठी मेळघाट. महाराष्ट्रातून तेव्हा हे एकच होतं, ताडोबा नंतर आलं.

आणि मुलाला इथल्या कोरकू आदिवासींबद्दल जरूर सांगा. सिपना हे नदीचं नावच त्यांच्या बोलीतलं, अर्थ साग. बोरी, कोहा, कुंड ही गावं गाभ्यातून उठून अकोटकडे वसली. त्यांच्या जुन्या शेतांत आता गवत वाढतं, त्यावर गवे-सांबर चरतात, आणि त्यांच्या मागे वाघ. ज्यांनी आपले डोह सोडले, त्यांच्या नव्या वस्तीत पाणी नीट पोचतं का, हे आपण विचारायला हवं. मला तरी हा प्रश्न वाघ दिसण्यापेक्षा मोठा वाटतो.

प्रश्न : मेळघाट नावाचा अर्थ काय? पुन्हा कधी जावं?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : घाटांचा मेळ, म्हणून मेळघाट. एक घाट संपतो न संपतो तोच दुसरा लागतो, हे परतवाड्याहून धारणीच्या एसटीत बसलेल्या कुणालाही पटेल. पावसाळ्यात गाभ्यातल्या फेऱ्या बंद असतात, पण चिखलदऱ्याला जाता येतं. जुलैच्या अखेरीस भीमकुंडाच्या कड्यावर उभे राहा. धुकं क्षणभर बाजूला झालं की खाली पाणी पडताना दिसतं.