मुलगी शाळेतून आल्यावर 'आज काय केलंस?' विचारलं की 'काही नाही' एवढंच म्हणते. काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत आहे, घरात अखंड बडबड करते आणि फक्त शाळेचं विचारलं की गप्प. मग एवढ्यात काळजी नको. आमची थोरली आता तिसरीत आहे, तीही अशीच. धाकटा अंगणवाडीत जातो, तो न विचारता इतरांच्या घरातल्या भांडणांसकट सगळं सांगतो. मुळात स्वभाव वेगवेगळे.

मला विचाराल तर घोळ प्रश्नातच आहे. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत पाच-सहा तास, त्यातलं नेमकं काय सांगायचं? मोठ्या माणसालाही कामावरून आल्या आल्या कुणी हे विचारलं तर तो 'नेहमीचंच' म्हणून चपला काढायला लागतो.

त्यापेक्षा बारीकसं काहीतरी विचारा. आमची जिल्हा परिषदेची शाळा, त्यामुळे माझं हुकमी हत्यार म्हणजे खिचडी. "आज मटकी होती की वाटाणा?" एवढंच विचारायचं. परवाचं उत्तर ऐका: "वाटाणा. पण तो माझ्या शेजारी बसतो ना, तो सगळे वाटाणे काढून ताटाच्या कडेला लावतो. मग मावशी म्हणाल्या, काय रे, रांगोळी घालतोस का? मग बाईपण हसल्या. मग आम्ही हात धुवायला गेलो, मग तिने मला ढकललं, मग मी तिची कट्टी घेतली." ढकलाढकली आणि कट्टी, मला हवं ते सगळं त्या वाटाण्यातून निघालं. डबा नेणारी मुलगी असेल तर 'कुणाच्या डब्यात काय होतं' हा प्रश्न तितकाच चालतो.

वेळही बघा. दारातून आल्या आल्या मूल भुकेलेलं आणि दमलेलं असतं. आधी खाऊ द्या, जरा लोळू द्या. आणि त्याच वेळी दप्तर उघडून वह्या तपासायला बसू नका, मुलांना ती झडती वाटते. तशीही दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असं केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात स्पष्ट लिहिलंय. उलट काल संध्याकाळी घरी काय खेळलात, काय खाल्लंत, हे मुलांना वर्गात बोलायला लावावं असं त्यात म्हटलंय. म्हणजे तिकडे बाईंनी घरचं विचारायचं आणि इकडे आपण शाळेचं! तिथेही ती 'काही नाही'च म्हणत असेल की काय, हे बाईंना एकदा विचारून बघा, मजा येईल.

आमच्याकडे खरा गप्पांचा तास सकाळी वेणीच्या वेळी भरतो. 2024 पासून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने सांगितल्यापासून तेवढी उसंत मिळते. ती पाठमोरी बसते, माझ्या तोंडात रिबीन, त्यामुळे मला मध्ये बोलता येत नाही. बहुधा म्हणूनच ती बोलते. एक वेणी होईस्तोवर कालचं, दुसरी होईस्तोवर आज काय होणार त्याचं.

आणि शाळा-शाळा खेळताना कान देऊन ऐका. आमच्याकडे धाकटा आणि दोन उशा हा वर्ग. "हाताची घडी, तोंडावर बोट! ए उशी, मागे काय बघतेस?" आवाज थेट तिच्या बाईंचा. फक्त खेळात पट्टी फिरली म्हणून लगेच शाळेत भांडायला जाऊ नका, मुलं त्यात तिखटमीठ लावतात. पण तेच पुन्हा पुन्हा दिसलं तर शांतपणे चौकशी जरूर करा. शिक्षण हक्क कायद्याने (2009) मुलांना मारायला बंदी आहे.

काळजी करण्यासारखं म्हणाल तर मी बोलण्यापेक्षा अंगाकडे बघते. शाळा असली की सकाळी पोट दुखतं आणि रविवारी मुळीच दुखत नाही. झोपेत दचकणं. एखाद्याचं नाव निघालं की विषय बदलणं. आणि एक गोष्ट आई-बापांच्या लक्षात येत नाही: घरी आल्या आल्या चप्पलही न काढता मोरीकडे धावणं, पाण्याची बाटली तशीच भरलेली. म्हणजे शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं किंवा कडी लागत नाही, म्हणून पोर दिवसभर पाणीच पीत नाही. हे मुली स्वतःहून क्वचितच सांगतात. असं काही दिसलं तर मुलीला खोदून विचारण्याऐवजी सरळ बाईंना भेटा, आणि शाळा सुटताना गेटवर घाईघाईत नको. आधी वेळ विचारून घ्या, म्हणजे त्यांनाही नीट बोलता येतं.