मधुमेह आहे आणि औषधाच्या चाचणीत नाव द्यायचंय?
संमतीपत्र आधी घरी आणा, सही नंतर. चाचणीचा सीटीआरआय नंबर (भारतातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) त्या नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासा. सापडला नाही तर पुढे जाऊच नका. चालू औषधं मिलिग्रॅम आणि वेळेसकट लिहून द्या, मेथीची पूडसुद्धा. ती लपवली आणि साखर उतरली, तर कशामुळे ते डॉक्टरांनाही कळत नाही. नेहमीची गोळी थांबवणार असतील तर विचारा: किती आठवडे, आणि साखर कितीवर गेली की ती परत सुरू? वाट्याला औषध नसलेली गोळीही येऊ शकते, हे पक्कं ध्यानात ठेवा. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. म्हणून सही केलेल्या संमतीपत्राची प्रत आणि एथिक्स कमिटीचा (चाचणीत भाग घेणाऱ्यांचे हक्क जपणाऱ्या समितीचा) फोन नंबर जपा. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, किती गोळ्या घेतल्या ते कळायला त्या मोजतात. मधेच थांबायचं असेल तर कारण न देता थांबता येतं, पण कळवून थांबा.