दुसऱ्याला काही न देता फक्त करिअरमधल्या यशाने माणूस सुखी होतो का?

होतो की, काही प्रमाणात. कर्जाचे हप्ते वेळेवर जातात, घरच्या आजारपणात हात आखडावा लागत नाही. हे सुख खोटं म्हणणारे बहुधा खाऊनपिऊन सुखी असतात! पण बढतीचा आनंद लवकर विरतो. नवा पगार अंगवळणी पडतो आणि नजर पुढच्या खुर्चीवर जाते.

2008 साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग ‘सायन्स’ नियतकालिकात आला. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये 46 जणांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्चायला सांगितले. काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते आणि रक्कम 5 की 20 यानं फारसा फरक पडला नाही. प्रयोग छोटा, एका दिवसाचा, त्यामुळे त्यावरून आयुष्याचा निकाल लावू नये.

शिवाय देणं मनापासूनचं हवं. ऑफिसात वर्गणीचा डबा फिरतो तेव्हा साहेबांकडे बघत टाकलेल्या पाचशेच्या नोटेनं कोण सुखावतं? त्यापेक्षा नव्या पोराला शेजारी बसवून काम शिकवा. त्यात पैसेही जात नाहीत.