गावात गेलेल्या विद्यार्थ्याची व्हिडिओ-रोजनिशी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शिबिरात आम्ही विद्यार्थ्यांना रोज व्हिडिओ-रोजनिशी नोंदवायला सांगितले, पण बहुतेकांनी बातमीदारासारखे निवेदन आणि सरपंचांचे आभार एवढेच पाठवले. चूक कुठे झाली? (प्राध्यापिका, परभणी)

उत्तर : चूक बहुधा सूचनेत झाली. ‘आज काय केले ते सांगा’ म्हटले की विद्यार्थी अहवाल देतो, कारण शाळेपासून त्याला तीच सवय लागलेली असते. त्याऐवजी ‘आज तुमचा कोणता अंदाज चुकला?’ एवढेच विचारावे आणि नोंद ३ मिनिटांपुढे जाऊ देऊ नये. जालना जिल्ह्यातील एका गावात माझ्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी हापशाजवळ उभे राहून ठामपणे सांगितले होते की, इथल्या बायका ग्रामसभेबाबत उदासीन आहेत. चौथ्या दिवशीच्या नोंदीत तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "सभा अकराला भरते आणि टँकरही अकरालाच येतो. हंडे सोडून बाया येणार कशा? आणि मी त्यांना उदासीन म्हणालो." ते गप्प राहणे वहीत उतरले नसते, आणि मला या पद्धतीचे मोल तिथेच दिसते. राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर ७ दिवसांचे असते. तेव्हा पहिली नोंद शेवटच्या संध्याकाळी विद्यार्थ्याला स्वतःलाच पुन्हा पाहायला लावावी.

प्रश्न : ऊसतोड मजुरांच्या मुलांचे चित्रण करावे का? मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाची हरकत नाही. (कार्यक्रम अधिकारी, बीड)

उत्तर : मुकादमाची परवानगी म्हणजे मजुराची संमती नव्हे, ज्याच्याकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली आहे, त्याच्यादेखत कोणी नाही म्हणत नाही. संमती त्या कुटुंबाकडून, त्यांच्या कोपीपाशी (तात्पुरत्या झोपडीपाशी), मुकादम नसताना मागावी आणि चित्रण दाखवून पुन्हा विचारावे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची संमती आवश्यक मानतो. माझे मत मात्र याहून कडक आहे : रोजनिशी विद्यार्थ्याची असते, म्हणून कॅमेरा त्याच्याकडेच वळलेला असावा. दुसऱ्याची गरिबी दाखवून आपला अनुभव मोठा होत नाही.

प्रश्न : घरच्यांना माझा चेहरा व्हिडिओत दिसलेला चालत नाही, शिवाय गावात नेटही नसते. मी काय करू? (विद्यार्थिनी, हिंगोली)

उत्तर : चेहऱ्याची सक्ती कोणीही करू नये. पायाखालची वाट किंवा काम करणारे हात दाखवून तुम्ही बोललात तरी ती पूर्ण रोजनिशीच आहे. चित्रणाचा दर्जा ७२० पिक्सेलवर ठेवावा, म्हणजे फाइल लहान होते, आणि महाविद्यालयात आल्यावर पेनड्राइव्हवरून द्यावी.

प्रश्न : गुण कशाला द्यावेत? (प्राध्यापक, नांदेड)

उत्तर : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर समाजसहभागाला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले, त्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. संकलन, पार्श्वसंगीत आणि प्रमाण भाषा यांना गुण नकोत. आपल्या बोलीत विद्यार्थी अधिक मोकळेपणाने विचार करतो. खरी अडचण वेगळीच आहे : ‘माझे मत बदलले’ याला गुण मिळतात हे कळले की विद्यार्थी मतबदल रचू लागतात. म्हणून ७ नोंदींपैकी ३ त्यांनाच निवडू द्याव्यात, त्यांवर एक पान लिहून घ्यावे, आणि मत बदलले असो वा नसो, ते कोणाच्या बोलण्यावरून किंवा काय पाहून ठरले, हे त्या पानात किती नेमके आले आहे यावरच गुण द्यावेत. उरलेल्या ४ नोंदी न तपासता विद्यार्थ्याला परत कराव्यात.