वाचकांचे प्रश्न : भिंत एक, क्षेत्रफळे दोन

प्रश्न : मी इमारतींच्या मोजमापांचे काम करते. त्रिमितीय मॉडेलवरून सॉफ्टवेअरने काढलेले तक्ते मी हाताने पडताळले, तेव्हा गिलाव्याची एकूण बेरीज तंतोतंत जुळली. परंतु आतला आणि बाहेरचा गिलावा वेगळा काढताच दोन्ही आकडे चुकले, आणि वीटकाम तर जास्तच निघाले. चूक नेमकी कोठे आहे?

उत्तर : तुमचे हिशेब बरोबर आहेत, आणि बेरीज जुळल्यानंतरही तुम्ही पडताळणी थांबवली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पुष्कळ सॉफ्टवेअरच्या दृष्टीने भिंत म्हणजे एक रेषा आणि तिला दिलेली जाडी व उंची. ती रेषा भिंतीच्या मध्यातून जात असेल, तर तक्त्यात येणारे क्षेत्रफळ ना आतल्या बाजूचे असते, ना बाहेरच्या.

आतून ४ मीटर बाय ३ मीटर अशी एक खोली घ्या. भिंत २३० मिलिमीटर जाड आणि ३ मीटर उंच आहे आणि दारे-खिडक्या सध्या बाजूला ठेवू. मध्यरेषेची लांबी १४.९२ मीटर, म्हणून एका बाजूचे क्षेत्रफळ ४४.७६ चौरस मीटर येते. प्रत्यक्षात आतून ते ४२ आणि बाहेरून ४७.५२ चौरस मीटर आहे. एकीकडे २.७६ चौरस मीटर जास्त धरले गेले आणि दुसरीकडे नेमके तेवढेच कमी, त्यामुळे दोन्ही बाजूंची बेरीज ८९.५२ अशी अचूक येते. आत जिप्सम आणि बाहेर सिमेंटचा गिलावा असेल, तेव्हा मात्र मालाच्या दोन्ही मागण्या चुकीच्या जातात. म्हणून गिलावा भिंतीच्या क्षेत्रफळावरून न काढता आतला खोल्यांच्या पृष्ठभागांवरून आणि बाहेरचा बाह्य पृष्ठभागावरून मोजावा.

वीटकाम वाढण्याचे कारण बहुधा कॉलम आणि बीम हे असावे. याच खोलीच्या भिंतींचे घनफळ सुमारे १०.२९ घनमीटर आहे. चारही कोपऱ्यांत २३० बाय ४५० मिलिमीटरचे कॉलम भिंतीच्या जाडीत बसवलेले असतील, तर त्यांचे १.२४ घनमीटर वजा व्हायला हवेत. पण मॉडेलमध्ये भिंत आणि कॉलम एकमेकांना जोडलेले नसतील, तर तीच जागा वीटकामातही मोजली जाते आणि काँक्रीटमध्येही. भिंत बीमच्या तळाशी न थांबवता वरच्या स्लॅबपर्यंत काढण्याची सवय हीच चूक आणखी वाढवते.

हे दुरुस्त केल्यानंतरही हाती येते ते घनफळच, विटांची संख्या नव्हे. १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची वीट आणि १० मिलिमीटरचा सांधा धरला, तर एका घनमीटरमध्ये ५०० विटा बसतात, परंतु त्यांचे स्वतःचे घनफळ जेमतेम ०.७७ घनमीटर भरते. उरलेल्या जागेत भरणारा मसाला, तुटफूट आणि कापून वाया गेलेले तुकडे मॉडेलमध्ये कोणी काढत नाही.

खिडक्यांवर तर विशेष लक्ष ठेवावे. १.२ बाय १.२ मीटरच्या खिडकीसाठी सॉफ्टवेअर १.४४ चौरस मीटर वजा करते, पण चौकटीभोवतीची १५० मिलिमीटर खोल किनार चारही बाजूंनी गिलावा करायची असेल, तर ०.७२ चौरस मीटर, म्हणजे वजा केलेल्याच्या निम्मे, परत जमा करावे लागते. लहान उघाड (दारे-खिडक्यांसारखी भिंतीतील मोकळी जागा) वजा न करण्याची सूटही अनेक मोजणी-नियमांत असते. म्हणून करारातील नियम आधी वाचून, उघाड वजा न करता (ग्रॉस) आणि वजा करून (नेट) अशी दोन्ही परिमाणे तक्त्यात ठेवावीत. आयएफसी या, सॉफ्टवेअरांमध्ये मॉडेलची देवघेव करण्याच्या फाइल-स्वरूपातही भिंतीचे ग्रॉस आणि नेट घनफळ वेगवेगळे नोंदवण्याची सोय आहे.

प्रश्न : रेव्हिट या इमारतींची मॉडेल काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जलरोधक थराचे घनफळ शून्य का दिसते?

उत्तर : तो थर ‘मेम्ब्रेन’ (पातळ पडदा) म्हणून नोंदवला की त्याची जाडी शून्यच धरली जाते, त्यामुळे घनफळ येणे शक्य नाही. त्याची मागणी क्षेत्रफळावरून काढावी आणि सांध्यांवर एकावर एक चढवलेला भाग व कोपऱ्यांतून वर नेलेला भाग हाताने मिळवावा.