खेळासाठी घडवलेल्या नऊवारीचे पैसे घेता येतील का?

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी 'द सिम्स ४' या संगणकीय खेळातील पात्रांसाठी ब्लेंडर या त्रिमितीय रचनेच्या सॉफ्टवेअरवर कपडे आणि दागिने घडवते. नऊवारीचा काष्टा मनासारखा बसावा म्हणून तिने तीन आठवडे खर्ची घातले. आजवर तिने सगळे विनामूल्य दिले. आता परदेशातील काही मराठी खेळाडू त्याचे पैसे देऊ इच्छितात. वस्तू तिने स्वतः घडवलेली असताना ती विकणे बेकायदेशीर कसे ठरेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मुलीच्या मेहनतीचे मोल झाले पाहिजे, असे मलाही मनापासून वाटते. तरीही खेळात टाकण्याची फाइल म्हणून ही साडी खेळाच्या मालकाच्या परवानगीशिवाय कायमची किंमत लावून विकण्याची मुभा तिला नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने २०२२ साली या खेळासाठी जाहीर केलेल्या धोरणानुसार चाहत्यांनी केलेली भर विनामूल्यच असली पाहिजे. हे धोरण खेळ वापरण्याच्या परवान्याचा भाग असल्यामुळे ते मोडल्यास करारभंग होतो.

'वस्तू स्वतः घडवली' हा मुद्दा मात्र अधिक बारकाईने पाहायला हवा. या खेळातील कपडे साधारणपणे पात्राच्या मूळ शरीराच्या जाळीवर (मेश, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा त्रिमितीय आराखडा) बेतलेले असतात, त्यामुळे पदर आणि निऱ्या मुलीच्या असल्या तरी त्याच फाइलमध्ये गळ्याचा किंवा दंडाचा कंपनीने घडवलेला भागही जाऊ शकतो. आणि समजा, असा एकही तुकडा त्यात नसला, तरी प्रश्न मिटतोच असे नाही. 'ड्यूक नुकेम थ्रीडी' या खेळासाठी खेळाडूंनी रचलेले ३०० टप्पे (लेव्हल) मायक्रो स्टार या कंपनीने गोळा करून सीडीवर विकले, तेव्हा त्या फाइलींत मूळ खेळाचे एकही चित्र नव्हते. कोणते चित्र कुठे मांडायचे, एवढ्याच सूचना होत्या. तरीही अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९९८ साली त्या विक्रीला प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग मानले, कारण त्याच नायकाच्या नव्या कथा सांगण्याचा हक्क मूळ मालकाचा असतो. खेळाडूंना हे टप्पे रचून फुकट वाटण्याची परवानगी होती, विकण्याची नव्हती. साडी म्हणजे कथा नव्हे, त्यामुळे तिच्या बाबतीत हाच निष्कर्ष निघेल असे नाही, आणि हा निकाल भारतीय न्यायालयांना बंधनकारकही नाही.

आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम १४ नुसार संगणक प्रणालीचे रूपांतर करण्याचा हक्क मालकाकडे आहे. जाणूनबुजून भंग केल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. भंग धंद्यातील नफ्यासाठी झालेला नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. म्हणजे पैसे घेतल्याने फरक पडतोच. हौशी कलाकारावर थेट फौजदारी होईल अशी भीती बाळगू नका. पण फाइल काढून टाकण्याची नोटीस आली, तर तिच्यापाशी उत्तर नसेल.

मालकाने परवानगी दिली, तर विक्री अर्थातच वैध ठरते. एप्रिल २०१५ मध्ये 'स्कायरिम' या खेळासाठी स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानावर तशी सोय झाली होती. त्यात घडवणाऱ्याला २५ टक्के मिळणार होते, पण खेळाडूंच्या संतापामुळे ती काही दिवसांतच बंद झाली.

मुलीसाठी दोन वाटा मोकळ्या आहेत. वर सांगितलेल्या धोरणानुसार ती ऐच्छिक देणग्या घेऊ शकते आणि देणगीदारांना नवी वस्तू थोडी आधी देऊ शकते. मात्र वाजवी मुदतीनंतर ती सर्वांना विनामूल्य द्यावी लागते. दुसरी वाट मला तिच्या कौशल्याला अधिक न्याय देणारी वाटते. खेळाच्या शरीराचा कोणताही भाग न वापरता, स्वतःच्या पुतळ्यावर नेसवलेली नऊवारी ही तिची स्वतंत्र कलाकृती आहे, आणि तिचे त्रिमितीय प्रारूप ॲनिमेशन करणाऱ्यांना ती हव्या त्या किमतीला विकू शकते. त्यासाठी खेळाची फाइल फेरफार करून वापरण्याऐवजी तिने ब्लेंडरमध्ये कोऱ्या पानापासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक टप्प्याच्या तारीखवार प्रती जपून ठेवाव्यात.